स्पीड दोनशेचा, तरी २४/९६ अडखळतं: घरातला रस्ता कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं दुमजली घर. फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं, त्याचा डबा रस्त्याकडच्या सोप्यात. जिन्यापाशी स्वतःचा राउटर, माडीवर मागच्या खोलीत एक्स्टेंडर (राउटरचं वायफाय पुढे ढकलणारा डबा) आणि त्याच्या वायफायवर नेटवर्क प्लेअर, म्हणजे नेटवरून गाणी ओढून वाजवणारं यंत्र. सीडी दर्जाची गाणी चालतात, त्याहून वरच्या दर्जाचं २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) दर दोन-चार मिनिटांनी थांबतं, २४/१९२ जवळजवळ वाजतच नाही. संध्याकाळी जास्त त्रास. सोप्यात मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर १८० च्या पुढे आकडा. पेन ड्राइव्ह थेट प्लेअरला लावला तर १९२ सुद्धा सुरळीत. ॲपमध्ये प्लेअर कधी दिसतो, कधी नाही, आणि लाइट जाऊन आली की हमखास गायब. कंपनीचा माणूस म्हणतो नेट ओके आहे, दुकानदार म्हणतो भारीतली लॅन केबल घ्या. आता काय करायचं?

पेन ड्राइव्हचं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय, पण सगळ्यात कामाचं तेच आहे. पेन ड्राइव्हवरून १९२ नीट वाजतं, याचा अर्थ प्लेअरचा वाजवणारा भाग, डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग), ॲम्प्लिफायर आणि त्यांच्यामधल्या वायरी सगळं निर्दोष. कोणी प्लेअर बदला म्हणालं तर ऐकू नका. दोष बहुधा प्लेअरच्या पाठीमागच्या पोर्टाच्या पलीकडे आहे आणि पलीकडे दोनच गोष्टी उरतात, तुमचं घर आणि घराबाहेरचं नेट. माझा संशय घरावर आहे. का, ते आकड्यांत सांगतो.

सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. न दाबता तो सेकंदाला १.४ मेगाबिट होतो. २४/९६ चे ४.६ आणि २४/१९२ चे ९.२ होतात. फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारी पद्धत) दाबल्यावर हे साधारण निम्मं ते दोन-तृतीयांश उरतं. म्हणजे सीडी दर्जाला एक मेगाबिटच्या आत-बाहेर, ९६ ला अडीच-तीन आणि १९२ ला पाच-सहा. दोनशेच्या कनेक्शनपुढे हे काहीच नाही. म्हणून ‘स्पीड वाढवून घ्या’ हा सल्ला तुमच्या बाबतीत निव्वळ पैसे घालवण्याचा आहे. तीनशेचा प्लॅन घेतलात तरी गाणं त्याच जागी अडखळेल.

आता तुमच्या माडीवर काय पोचतं ते बघू. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, दगड-विटांच्या. बरेचसे प्लेअर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर बसतात, त्यात त्यांचा अँटेना धातूच्या पेटीत किंवा पेटीच्या मागे चिकटलेला. अशा दोन भिंती ओलांडून सिग्नल गेला की राउटर आपोआप सावकाश बोलायला लागतो. अगदी खालच्या पायरीवर त्याचा जोडणीचा वेग साडेसहा मेगाबिटवर येतो आणि त्यातला प्रत्यक्ष हाती लागणारा माल चारच्या आसपास. त्यात तुमचा एक्स्टेंडर. एकाच रेडिओवर चालणारा एक्स्टेंडर डेटाचं प्रत्येक पाकीट एकदा ऐकतो आणि मग तेच पुन्हा हवेत सोडतो. म्हणजे एकाच वाटेवरून एकच ओझं दोनदा. चारचे झाले दोन. दोनमध्ये सीडी दर्जा आरामात बसतो, ९६ काठावर अडकतं, १९२ बसतच नाही. तुमची तक्रार शब्दशः हीच आहे. घराचा नकाशा न बघता मी इतक्या खात्रीने बोलतोय ते एवढ्यासाठीच.

स्पीड टेस्ट सोप्यात, डब्यापासून चार पावलांवर, ५ गिगाहर्ट्झवरच्या मोबाइलने घेतलेली आहे. तो आकडा खरा आहे, पण मोबाइलचा आहे, सोप्याचा आहे. प्लेअरचा नाही. माडीवर, प्लेअर ठेवलाय त्याच कपाटावर मोबाइल ठेवून, एक्स्टेंडरच्या २.४ च्या नावाला जोडून टेस्ट घ्या म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

‘संध्याकाळी जास्त’ यावरून लोक लगेच कंपनीला शिव्या घालतात. घाई नको. पेठेत घराला घर लागून, संध्याकाळी सगळ्यांचे टीव्ही आणि मोबाइल चालू. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले. त्यामुळे संध्याकाळचा त्रास बाहेरच्या नेटचा असू शकतो, तसाच हवेतल्या गर्दीचाही. दोन्ही वेगळे करायला एकच चाचणी पुरते, आणि ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

रात्री नऊच्या सुमारास, त्रास ऐन भरात असताना, प्लेअर उचलून सोप्यात आणा. साध्या लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्यात जोडा. मधला राउटर नाही, एक्स्टेंडर नाही, वायफाय नाही. प्लेअरचं वायफाय सेटिंगमधून बंद करा, नाहीतर काही प्लेअर केबल लावूनही जुन्याच वायफायला चिकटून राहतात. मोबाइल डब्याच्याच वायफायवर घ्या. हेडफोन लावा किंवा कुठलाही छोटा स्पीकर, आवाजाचा दर्जा आत्ता बघायचा नाही. मग २४/१९२ चा एक अख्खा अल्बम लावा. आधी वाजवलेलं गाणं घेऊ नका, काही प्लेअर ते साठवून ठेवतात आणि चाचणी फसते. तासभर न अडखळता वाजलं तर बाहेरचं नेट सुटलं, दोष घरातला. तिथेही अडखळलं तर मात्र पुढे बाहेरच्या नेटबद्दल लिहिलंय ते वाचा.

घरातला दोष निघाला असं धरून चालतो.

उपाय एकच, कंटाळवाणा आणि खात्रीचा: माडीपर्यंत केबल ओढा. प्लेअरच्या मागे बहुतेकदा १०० एमबीपीएसचंच पोर्ट असतं, त्याची लाज बाळगू नका, १९२ ला ते पंधरापट पुरतं. केबल कॅट ५ई असली तरी चालते, नवीन ओढताच आहात तर कॅट ६ घ्या. एकाच गोष्टीवर हटून बसा: आतली तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते आणि वायरमन तीच आणतो. खोक्यावर सीसीए लिहिलेलं असेल तर परत पाठवा. ती वाकवली की तुटते, टोकाला सैल बसते आणि वर्षा-दोन वर्षांनी ‘कधी चालतं कधी नाही’ असा आजार लागतो, जो शोधणं सगळ्यात त्रासाचं.

केबल बाहेरून, कौलांवरून किंवा गच्चीवरून न्यायची वेळ आली तर दोनदा विचार करा. आपल्याकडचा पाऊस एक, आणि त्याहून वाईट म्हणजे एप्रिल-मेमधला वळीव. वळवाच्या विजांनी उघड्यावरून गेलेल्या लांब लॅन केबलमधून पोर्ट उडतात. वीज घरावर पडायला लागत नाही, जवळपास कडाडली तरी पुरते. जिन्याच्या कडेने, जुन्या टीव्ही केबलच्या नळीतून, घराच्या आतूनच न्या. विजेच्या वायरींना लांबवर समांतर नेऊ नका. आणि दुकानदार म्हणतो ती भारीतली केबल? माडीवर आज केबलच नाही, तर भारीतली कशाला लावणार? डेटा टीसीपी नावाच्या पद्धतीने येतो, तीत पाकीट हरवलं की पुन्हा मागवलं जातं, फाइल पोचते तेव्हा जशीच्या तशी पोचते. महागड्या केबलने आवाज खुलतो असं कोणाला वाटत असेल तर मी त्या वादात पडत नाही, ज्याचे कान त्याचा पैसा. पण अडखळणं तिने थांबत नाही एवढं नक्की.

विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे अडॅप्टर मिळतात. जुन्या वायरिंगच्या, मध्ये इन्व्हर्टर असलेल्या घरात मी ते सुचवत नाही. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या तर सगळाच खेळखंडोबा.

केबल अगदीच अशक्य असेल, घर भाड्याचं असेल, तर वायफायच नीट बसवू. एक्स्टेंडर काढून टाका. जिन्यापाशीचा राउटर जिन्याच्या वरच्या टोकाला न्या, जिथून माडीच्या खोलीचं दार दिसतं. भिंतीपेक्षा दारातून सिग्नल बरा जातो. प्लेअरला ५ गिगाहर्ट्झ येत असेल तर दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि प्लेअर ५ वर अडकवा. चॅनल ‘ऑटो’वर ठेवू नका, ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला एक निवडा. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारचा संशय आला की त्याला तो चॅनल सोडावा लागतो, त्या गटातल्या दुसऱ्या चॅनलवर जायचं तर निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं आणि तेवढा वेळ तुमचं गाणं गप्प. काही प्लेअरना तर हे चॅनल दिसतच नाहीत. २.४ वरच राहावं लागलं तर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, चाळीसच्या मोहात पडू नका. प्लेअर जुना असेल आणि राउटर नवा, तर सुरक्षेत डब्ल्यूपीए ३ ऐवजी डब्ल्यूपीए २ ठेवून बघा. पासवर्ड बरोबर असूनही न जोडणाऱ्या प्लेअरचं हे नेहमीचं कारण आहे.

आता तो लपंडाव, प्लेअर दिसतो आणि दिसत नाही. याचा अडखळण्याशी संबंध नाही. हा वेगळा आजार आहे आणि त्याचं मूळ तुमच्या जिन्यात आहे. कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो, तो पत्ते वाटतो. तुमचा राउटर त्याच्यामागे बसून स्वतःचे वेगळे पत्ते वाटतो. घरात दोन जाळी झाली. मोबाइल सोप्यात असताना डब्याच्या जाळ्यात, प्लेअर तुमच्या राउटरच्या जाळ्यात. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण ॲप प्लेअरला शोधतं ते नेटवर ‘कोण आहे का’ अशी हाळी घालून, आणि ही हाळी एका जाळ्यातून दुसऱ्यात जात नाही. फोनवरून प्लेअरला गाणं लावायचे मार्ग, एअरप्ले असो, कास्ट असो की यूपीएनपी, सगळ्यांची शोधायची पद्धत हीच. खात्री करायची तर मोबाइलचा आणि प्लेअरचा आयपी पत्ता बघा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर झालं निदान.

उपाय दहा मिनिटांचा. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा. नसेल तर त्याचं पत्ते वाटणं म्हणजे डीएचसीपी बंद करा, त्याला डब्याच्या जाळ्यातला, कोणी न वापरलेला पत्ता द्या आणि डब्याकडून येणारी केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा. घरात जाळं एकच उरेल. प्लेअर चुकून ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर नाही ना तेही बघा, तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. एवढं करूनही सकाळी दिसतो आणि दुपारी गायब असं झालं, तर राउटरमधलं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ बंद करून बघा. काही स्वस्त राउटरांत ते अर्धवट बनवलेलं असतं आणि थोड्या वेळाने हाळी गिळून टाकतं.

लाइट गेल्यावरचं गायब होणं आणखी साधं आहे. लाइट आली की प्लेअर वीस-तीस सेकंदांत उठतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. प्लेअर पत्ता मागतो, द्यायला कोणी नसतं, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन गप्प बसतो. काही प्लेअर पुन्हा विचारतात, काही बसले ते बसलेच. डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, स्वस्तात मिळतो, आणि डब्यात प्लेअरसाठी कायमचा एक पत्ता राखून ठेवा. तोपर्यंत लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून प्लेअरचा प्लग काढून घाला.

आता सोप्यातल्या चाचणीतही अडखळलं तर. इथे कंपनीचा माणूस ‘नेट ओके’ म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून होते. गाणं मात्र बहुतेक वेळा एकाच जोडणीतून येतं आणि ते कुठल्या गावाहून येतं ते तुमच्या हातात नसतं. एका जोडणीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ आणि वाटेत हरवणारी पाकिटं. ढोबळ हिशेब असा: सर्व्हर मुंबईत, जाण्या-येण्याला २० मिलिसेकंद आणि हजारात एक पाकीट हरवतंय, तर एका जोडणीला २० मेगाबिटच्या वर मिळतात. तेवढंच हरवतंय पण सर्व्हर युरोपात, २०० मिलिसेकंद, तर दोनच्या थोडं वर. शंभरात एक हरवायला लागलं की एका मेगाबिटच्याही खाली. आजचे सर्व्हर यापेक्षा हुशारीने वागतात, पण कल हाच. ज्या सेवा भारतात अधिकृतपणे नाहीत आणि लोक आडवाटेने वापरतात, त्यांचा त्रास इथून येतो. त्यावर घरात बसून इलाज नाही.

तरी दोन गोष्टी करा. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून आधी डब्याला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पाचशे-पाचशे पिंग (उत्तर येतं का बघणारी छोटी चाचणी पाकिटं) सोडा, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा. डब्यापर्यंत शून्य हरवलं आणि बाहेर दोन-तीन टक्के, तर तो आकडा कंपनीला लेखी पाठवा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की ते स्पीड टेस्ट करून निघून जातात, पाकिटं हरवतात म्हटलं की जोड तपासायला माणूस येतो. पावसाळ्यात खांबावरच्या पेटीत पाणी शिरून किंवा वायर ताणली जाऊन फायबरचा सिग्नल पडतो, तो मोजायचं यंत्र त्याच्याकडे असतं, मोजून घ्या. दुसरं, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून बघा. गाणं कुठल्या शहरातल्या सर्व्हरवरून येणार हे पुष्कळदा त्यावरून ठरतं. कधी फरक पडतो, कधी बिघडतंही, तेव्हा जुनं लिहून ठेवा.

गाणं फोनवरून प्लेअरकडे कसं जातं तेही एकदा तपासा. काही मार्गांत फोन फक्त रिमोट असतो, प्लेअर स्वतः नेटवरून गाणं ओढतो. एअरप्लेत आयफोन स्वतः गाणं आणून पुढे ढकलतो, म्हणजे वायफायवर दुप्पट ओझं, आणि बहुतेक नेटवर्क प्लेअरवर पोचेपर्यंत ते सीडी दर्जाचंच उरतं. कास्ट २४/९६ ला थांबतो. ब्लूटूथचं नावच नको, त्यातली नावाजलेली एलडॅक पद्धतही ९९० किलोबिटला संपते, म्हणजे तिच्यातून साध्या सीडीचीही पूर्ण नक्कल होत नाही. साध्या यूपीएनपी ॲपमध्ये गाण्यांची यादी फोनमध्ये असते. फोन झोपला की चालू गाणं संपेपर्यंत वाजतं आणि पुढचं लागतच नाही. गाणं मध्येच तुटणं म्हणजे नेट, आणि नेमकं दोन गाण्यांच्या मध्ये थांबणं म्हणजे फोनचा बॅटरी सेव्हर. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा.

घरच्या काँप्युटरवरचं किंवा हार्ड डिस्कवरचं संगीत पुढेमागे जोडणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याची जुनी पद्धत) आपोआप बसत नाही आणि बरेच जुने प्लेअर तेवढंच जाणतात. असुरक्षित एसएमबी १ परत चालू करू नका, एखादा डीएलएनए सर्व्हर (घरातल्या प्लेअरना गाणी पुरवणारा प्रोग्रॅम) बसवा आणि त्यातलं रूपांतर म्हणजे ट्रान्सकोडिंग बंद ठेवा.

एक आगाऊ सल्ला. प्रत्येक गोष्ट १९२ मध्येच हवी असा हट्ट कोल्हापुरात मी फार बघतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या लोक २४/१९२ मध्ये शोधतात. त्या मुद्रणात दहा किलोहर्ट्झच्या वर गाणं नाही, खरखर आहे, आणि सीडी दर्जा बावीसपर्यंत पोचतो. चांगल्या हाताने साफ केलेली १६/४४.१ ची प्रत निष्काळजीपणे फुगवलेल्या १९२ पेक्षा कितीतरी सरस. तुमची केबल ओढून होईपर्यंत सेवेच्या सेटिंगमध्ये दर्जा सीडीवर ठेवा आणि निवांत ऐका.

सगळं बसल्यावर एक ‘टक्’ ऐकू येईल. ४४.१ च्या पटीतल्या गाण्यानंतर ९६ किंवा १९२ चं गाणं आलं की डॅक आतलं घड्याळ बदलतो आणि तेवढा वेळ आवाज तोडून धरतो. हा दोष नाही, त्याच्यामागे लागू नका. आलापाचा पहिला षड्जच खाल्ला जात असेल तर मात्र प्लेअरच्या सेटिंगमध्ये गाणं सुरू होण्याआधीचा विलंब अर्धा-एक सेकंद वाढवायची सोय आहे का बघा.